चालतंय ना? मग हात लावू नकोस!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. रविवारची दुपार आहे, बाहेर पाऊस आहे, चहा झालाय. तेव्हा आधीच सांगतो, लेख लांब आहे.

गेले दोन वीकेंड मी घरच्या डेस्कटॉपसमोर बसून होतो. त्यातून जे निष्पन्न झालं ते असं : मी संगणकाला तीन आणि चार यांची बेरीज विचारली आणि त्याने सात असं उत्तर दिलं. मी ओरडूनच बायकोला बोलावलं. ती ओले हात पुसत आली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, दोन रविवार गेले. सातच आले?"

तिचंही बरोबर आहे म्हणा. पण ते सात कुठून आले, प्रोसेसरच्या सूचनेपासून पडद्यावरच्या आकड्यापर्यंत प्रवास कसा झाला, यातली माझ्या प्रोग्रॅममधली एकेक पायरी मला ठाऊक होती. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय, आणि ते लिहिताना अभिमानापेक्षा लाजच जास्त वाटतेय.

सोमवारी हापिसात चहाच्या वेळी हे सांगितलं. एका मित्राने ताबडतोब ठेवणीतलं वाक्य काढलं, "चाकाचा पुन्हा शोध कशाला लावायचा?" दुसरा म्हणाला, "फोर्थ? त्याला नोकरी कोण देतं?" आणि आमचे एक वरिष्ठ, सज्जन माणूस, त्यांनी आपल्या धंद्याचा महामंत्र म्हटला. "हे बघ, चालतंय ना? मग हात लावू नकोस."

तर आजचं भांडण या मंत्राशी आहे.

आधी एक कबुली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री तीन वाजता फोन. आमची एक सेवा बंद पडली होती. उठलो, लॅपटॉप उघडला, लॉग पाहिले, काही कळलं नाही. रीस्टार्ट केलं. पुन्हा पडली. पुन्हा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा उभी राहिली आणि उभीच राहिली. सकाळी अहवाल लिहायचा होता. त्यात 'मूळ कारण' नावाचा एक रकाना असतो. मी तिथे लिहिलं, 'नेटवर्कमधला तात्पुरता बिघाड'.

खोटं होतं ते. मला कारण माहीत नव्हतं. टीममध्ये कुणालाच नव्हतं. आणि गंमत म्हणजे कुणी विचारलंही नाही, कारण चालत होतं ना!

माझे वडील काही इंजिनिअर नव्हते. पण स्कूटर रस्त्यात बंद पडली की डिकीतून पाना काढायचे, प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे. प्लगवर काजळी धरली की ठिणगी पडत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. मी मात्र ज्याचा पगार घेतो त्या यंत्राचा प्लग कुठे असतो हेच मला सांगता येत नव्हतं. तो अहवाल मनात सलत होता. म्हणून ठरवलं, निदान एक तरी सिस्टिम अशी असावी की जी वरपासून खालपर्यंत आपल्याला कळते. ती छोटी असली तरी चालेल. आणि छोटी सिस्टिम म्हटली की फोर्थ.

फोर्थ म्हणजे काय रे भाऊ?

चार्ल्स मूर नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० च्या आसपास ही भाषा बनवली. स्वतःला काम सोपं पडावं म्हणून. तेव्हा तिसऱ्या पिढीचे संगणक होते, याला आपली भाषा चौथ्या पिढीची वाटली, म्हणून नाव 'फोर्थ', म्हणजे चौथा. पण ज्या आयबीएम ११३० वर तो काम करत होता तिथे फाईलच्या नावाला पाचच अक्षरं चालायची. म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलं, ते कायमचंच. पुढे अॅरिझोनातल्या किट पीकवरची रेडिओ दुर्बीण या भाषेने चालवली.

भाषा म्हणाल तर दोनच गोष्टी. एक स्टॅक, म्हणजे लग्नाच्या हॉलमधली ताटांची चळत. शेवटचं ठेवलेलं ताट आधी उचलायचं. आणि दुसरा शब्दकोश. तुम्ही टाइप केलेला प्रत्येक शब्द कोशात शोधायचा. सापडला तर तो चालवायचा, नाही सापडला तर तो आकडा आहे का बघायचं, आकडा असेल तर चळतीवर ठेवायचा. दोन्ही नसेल तर बोंब मारायची. झाली भाषा.

डेबियन-उबुंटूवर जीफोर्थ नावाचं उत्तम, तयार फोर्थ एका कमांडमध्ये बसतं. काम करायचं असेल तर तेच घ्या. (त्याच्या रिपॉझिटरीतून ताजं बिल्ड करायला आधी जीफोर्थ बसवलेलं लागतं. कोंबडी आधी की अंडं!) पण मला बसवायचं नव्हतं, उभारायचं होतं. म्हणून रिचर्ड जोन्स यांनी २००७ च्या सुमारास लिहिलेलं 'जोन्सफोर्थ' घेतलं. यात दोनच फायली आहेत. एक असेंब्लीत, ३२ बिटच्या इंटेल प्रोसेसरसाठी, आणि दुसरी खुद्द फोर्थमध्ये. असेंब्लीच्या फाईलमध्ये कोडपेक्षा समजावून सांगणाऱ्या टिपाच जास्त. वाचत वाचत जावं आणि शेवटी भाषा तयार व्हावी, असा सगळा मामला.

पहिला रविवार

कंपाइल करायची कमांड फाईलमध्येच दिलेली आहे. टाकली. एरर. हेडर फाईल सापडत नाही. हे सोपं होतं : माझं मशीन ६४ बिटचं, प्रोग्रॅम ३२ बिटचा, त्यासाठीचं जीसीसी मल्टिलिब पॅकेज बसवलेलं नव्हतं. बसवलं. कंपाइल झालं. चालवलं.

सेगमेंटेशन फॉल्ट.

सवयीने पुन्हा चालवलं. (हसू नका. तुम्हीपण हेच करता.) पुन्हा तेच. डीबगर लावला तर तो म्हणतो, प्रोग्रॅम सुरू होतानाच मेला. म्हणजे पहिली सूचनादेखील चालली नाही! ज्या प्रोग्रॅमची एकही ओळ चालली नाही त्यात चूक शोधायची कुठे?

मग गुगल केलं. पहिला जो उपाय सापडला तो एका ओळीचा होता. रूट होऊन कर्नलचं एक सेटिंग शून्य करा. केलं. आणि चाललं की राव! कर्सर लुकलुकायला लागला.

इथे मी थांबलो. चाललं होतं. मंत्राप्रमाणे आता हात लावायचा नव्हता. पण तो अहवालातला रकाना आठवला, आणि ते सेटिंग नक्की काय करतं ते वाचायला बसलो.

भानगड अशी. जोन्सफोर्थच्या कंपाइल कमांडमध्ये एक पर्याय आहे, तो लिंकरला सांगतो की हा प्रोग्रॅम मेमरीच्या पत्ता शून्यावर बसव. आणि लिनक्स हल्ली साध्या वापरकर्त्याला शून्याच्या आसपास जागाच देत नाही. माझ्या मशीनवर ६५,५३६ च्या खालचा सगळा भाग बंद. कर्नल प्रोग्रॅम मेमरीत चढवायला जातो, परवानगी नाही म्हणून अडतो, आणि तिथेच प्रोग्रॅमला मारतो. म्हणून एकही ओळ चालत नाही.

आता जागा का देत नाही? कारण पत्ता शून्य म्हणजे नल पॉइंटर. कर्नलमध्येच कुठे चूक असेल आणि कर्नल चुकून नल पॉइंटरच्या मागे गेला, तर तिथे काहीच नसल्यामुळे तो आपटतो. पण एखाद्याने आधीच पत्ता शून्यावर आपला कोड पेरून ठेवला असेल, तर कर्नल तो कोड स्वतःच्या अधिकाराने चालवतो. म्हणजे साधा वापरकर्ता थेट रूट! २००९ साली लिनक्सच्या कर्नलमधली अशी भोकं गाजली होती. त्यावरचं कुलूप म्हणजे हे सेटिंग. ते २००७ मध्ये आलं.

म्हणजे त्या एका ओळीच्या उपायाने मी काय केलं होतं? तीन आणि चारची बेरीज करायला अख्ख्या मशीनचं एक कुलूप काढून ठेवलं होतं. आणि ते चाललं होतं!

खरा उपाय काय, तर सेटिंग परत होतं तसं केलं आणि कंपाइलच्या कमांडमधून तो पत्ता शून्यवाला पर्याय काढून टाकला. लिंकरने प्रोग्रॅम आपल्या नेहमीच्या पत्त्यावर बसवला, आणि तो चालला. कुठेही काही सैल न करता.

दोन्ही उपायांनंतर पडद्यावर दिसणारं चित्र अगदी सारखं आहे. 'चालतंय ना' म्हणणाऱ्याला त्यातला फरक कधीच कळणार नाही. माझं भांडण नेमकं इथे आहे.

दुसरा रविवार

पुढची मजा वेगळीच. जोन्सफोर्थचं हृदय म्हणजे असेंब्लीच्या फक्त दोन सूचना. पुढच्या शब्दाचा पत्ता उचल, आणि त्या पत्त्यावर जे ठिकाण लिहिलंय तिकडे उडी मार. बस. अख्खी भाषा या दोन सूचनांवर धावते. बाकीच्या भाषांमध्ये 'इफ' हा कंपायलरच्या पोटात दडलेला असतो. इथे तो फोर्थच्या फाईलमध्ये फोर्थमध्येच लिहिलेला आहे, एका छोट्याशा व्याख्येत : अट खोटी ठरली तर उडी मारायची सूचना लिही, कुठे उडी मारायची ती जागा रिकामी सोड, ती जागा लक्षात ठेव, पुढे 'देन' आला की भर. इफ कसा चालतो हे मला कॉलेजात शिकवलं होतं. कळलं त्या रविवारी.

आणि आता खास आपल्यासाठी. फोर्थमध्ये शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं काहीही. देवनागरीदेखील! मी हे लिहिलं आणि ते चाललं :

: बेरीज + ;
: दाखव . ;
३ ४ बेरीज दाखव

ती शेवटची ओळ मोठ्याने वाचून बघा. मराठीच आहे की! आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, फोर्थचंही शेवटी येतं. इतकी वर्षं मी इंग्रजीच्या क्रमाने प्रोग्रॅम लिहीत आलो आणि वाटायचं की संगणकाचा क्रमच तो. इफला 'असेल-तर', एल्सला 'नाहीतर' अशी नावं दिली, तीही चालली. फक्त नाव ३१ बाइटपेक्षा लांब नको, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजून) तीन बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हांची चैन. नावाच्या लांबीसाठी पाचच बिट ठेवलेत, त्याचा हा हिशेब.

पण वरच्या ओळीत मी एक लबाडी केली आहे. पहिल्यांदा ते ३ आणि ४ इंग्रजीतले होते, कारण देवनागरी अंक त्याला कळत नव्हते. तो '३' हा शब्द कोशात शोधायचा, सापडायचा नाही, आकडा म्हणूनही ओळखता यायचा नाही, मग पार्स एरर. पळवाट म्हणजे '३' नावाचा शब्दच बनवायचा, जो चळतीवर तीन ठेवतो. असे दहा शब्द बनवले की एकेरी आकडे चालतात. पण '१२' म्हटलं की पुन्हा बोंब.

म्हणून असेंब्लीत आकडे ओळखणाऱ्या भागात हात घातला. देवनागरी अंकाचे तीन बाइट. पहिले दोन सगळ्या दहा अंकांना सारखेच, तिसरा शून्यापासून नऊपर्यंत ओळीने वाढत जाणारा. तेव्हा पहिले दोन ओलांडायचे, तिसऱ्यातून शून्याचा बाइट वजा करायचा. डझनभर ओळी झाल्या. आणि तरीही पार्स एरर! चाळीस मिनिटं डोकं आपटल्यावर डीबगरमध्ये दिसलं की किती बाइट शिल्लक आहेत हा मोजणारा आकडा मी प्रत्येक अंकाला एकानेच कमी करत होतो, तीनने नाही. त्यामुळे बिचारा अंक संपल्यावरही पुढे वाचत राहायचा, म्हणजे बफरमध्ये उरलेली मागच्या शब्दाची शेपटी.

चूक माझी, कारण मला सापडलं, दुरुस्ती मी केली. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून होण्याची सवय मोडली होती. त्यानंतर जे सात आले, त्यासाठी बायकोला हाक मारली होती. (उत्तर अजून इंग्रजी आकड्यातच छापलं जातं. ते पुढच्या रविवारी. तिला सांगू नका.)

आता आक्षेपांकडे वळू

१) चाकाचा पुन्हा शोध कशाला? अहो, मी चाक विकायला काढलेलं नाही. डॉक्टरकी शिकताना मृतदेहाचं विच्छेदन करतात, ते काही शरीराचा नव्याने शोध लावायला नाही.

२) याला नोकरी कोण देणार? बहुधा कुणीच नाही. मान्य. पण मी ज्या तीन फ्रेमवर्कांच्या जोरावर नोकऱ्या मिळवल्या त्यातलं एकही मला रात्री तीन वाजता कामी आलं नव्हतं.

३) सगळ्यांनीच खालचे थर बघत बसायचं तर काम कधी करायचं? हा आक्षेप सगळ्यात दमदार आहे. थर हे आपल्या धंद्याचं वैभव आहे, मी रोज त्यांच्यावर जगतो. प्रत्येक थर समजून घ्या असं मी म्हणत नाही, ते कुणालाच शक्य नाही. मी म्हणतो, एकदा, एका छोट्या सिस्टिममध्ये तळापर्यंत जाऊन या. तळ असतो, आणि तिथे माणसाने लिहिलेल्या साध्या सूचना असतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मोठ्या सिस्टिमसमोरचं आपलं वागणं बदलतं. मग 'अचानक झालं', 'आपोआप बरं झालं' ही वाक्यं घशात अडकायला लागतात.

४) आता एआय लिहितो की सगळं. मीही वापरतो. छान लिहितो. पण चालणारे दोन उपाय समोर आले की त्यातला कुलूप काढणारा कुठला, हे ठरवायची जबाबदारी शेवटी माझीच राहते. कोड जितका फुकट होत जाईल तितकी ही पारख महाग होणार, असा माझा होरा आहे.

आणि फोर्थच्या भक्तांनीही फार खूश होऊ नये. फोर्थमध्ये हापिसचं काम करा असं मी मुळीच म्हणत नाही. चळतीवर एक ताट कमी-जास्त झालं की अख्खा प्रोग्रॅम भुईसपाट, वर कुणी सांगायलाही येत नाही. स्वतः लिहिलेलं महिन्याभराने स्वतःलाच वाचता येत नाही. 'आम्हालाच फक्त खरं प्रोग्रॅमिंग कळतं' हा सूर तर महामंत्राइतकाच कंटाळवाणा.

पण ही भाषा कुठे कुठे जाऊन राहिली ते बघा. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली नावाचं यान ६७पी धूमकेतूवर उतरलं. त्यात फोर्थ थेट चालवण्यासाठी बनवलेले आरटीएक्स २०१० प्रोसेसर होते. तिथे जाऊन तीनदा रीस्टार्ट कोण मारणार? आणि घराजवळचं उदाहरण हवं तर २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. बटण दाबल्यावर त्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी जे जागं व्हायचं ते ओपन फर्मवेअर, म्हणजे फोर्थ! त्यांच्या कीबोर्डवर एक खास कळ होती, समोर चाललेल्या गोष्टीचा सोर्स कोड दाखवण्यासाठी. तो प्रकल्प किती यशस्वी झाला यावर वाद घाला हवा तर. पण आत काय आहे ते बघायचा हक्क पहिलीतल्या पोरालाही आहे, असं कुणाला तरी वाटलं होतं. आणि आम्ही पगारी इंजिनिअर म्हणतो, हात लावू नकोस.

शेवट

गेल्या सोमवारी चहा झाल्यावर जागेवर आलो आणि तो दोन वर्षांपूर्वीचा अहवाल उघडला. 'मूळ कारण' मधलं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'माहीत नाही. तपास झालेला नाही.' खाली माझं नाव. अर्ध्या तासात वरिष्ठांचा फोन, "आता कशाला उकरून काढतोयस?" म्हटलं, सर, खोटं लिहिलं होतं मी. जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं, दोन दिवस घे. पण चालू सिस्टिमला हात लावू नकोस."

दोन दिवस झाले, कारण अजून सापडलेलं नाही. पण नेटवर्क नव्हतं एवढं आता पुराव्यानिशी सांगू शकतो, आणि तिसरा दिवस मागणार आहे.

तुमच्याकडे डेस्कटॉप आहे, लिनक्स आहे, एक वीकेंड आहे. जोन्सफोर्थ उतरवून घ्या. पत्ता शून्यवाला पर्याय काढा, कर्नलचं सेटिंग तसंच राहू द्या. मग स्वतःच्या भाषेत एक शब्द बनवा आणि तो कसा चालतो ते शेवटपर्यंत शोधा. अडलात तर कळवा, माझे दोन रविवार आधीच गेलेत, तिसराही देईन.

चला, पाऊस थांबलाय. भजी झालीत म्हणे.